पगार नसलेले बंबवाले

आग विझवणाऱ्या गाडीला आपण बंब म्हणतो. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘बोंबा’ या शब्दावरून आला, असे जाणकार सांगतात. बोंबा म्हणजे पाणी उपसणारा पंप. पोर्तुगीजांचे शेजारी जे स्पॅनिश, त्यांच्या भाषेतही हाच शब्द आहे, आणि पंप चालवणाऱ्या माणसाला ते ‘बोंबेरो’ म्हणतात. तेव्हा आज मी ज्या बोंबेरोंची हकीकत सांगणार आहे, त्यांना बंबवाले म्हटले तर शब्दाची फारशी ओढाताण होणार नाही. आहेत मात्र ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नावाचा लांबच लांब चिंचोळा देश आहे. त्या देशातल्या वाल्पाराईसो या बंदराची ही गोष्ट.

आपल्या खेड्यात रात्री गंजीला आग लागली की काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणी हाळी देतो, कोणी देवळातली घंटा बडवतो. ज्याच्या हाताला जे लागेल ते, घागर, बादली, ओले पोते घेऊन माणसे धावतात. विहिरीपासून आगीपर्यंत रांग लागते. तालुक्याचा बंब येईल तेव्हा येईल, पण तोवर गावच आग विझवतो. त्याचा पगार कोणाला मिळत नाही. कोणी तो मागतही नाही.

आता कल्पना करा, की तीन लाख वस्तीचे शहर हेच काम याच रीतीने करते आहे. शहरच काय, सगळा देशच करतो आहे. चिलीत ३०० हून अधिक अग्निशमन दले आहेत आणि त्यांतला आग विझवणारा माणूस पगारी नाही. कोणी सुतार, कोणी डॉक्टर, कोणी कॉलेजातला विद्यार्थी. गाडीचा ड्रायव्हर तेवढा बहुधा पगारी असतो. बाकीचे पगार तर घेत नाहीतच, उलट दर महिन्याला आपल्या पथकाला वर्गणी देतात. आग विझवायची ती विझवायची, आणि वर पदरचे पैसेही घालायचे! मी हे प्रथम वाचले तेव्हा मला वाटले, छपाईची चूक असेल. पण चूक नव्हती.

हे कसे घडले ते समजण्यासाठी दीडशे-पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागेल. त्या काळी पनामाचा कालवा नव्हता. युरोपातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी जहाजे दक्षिण टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून येत आणि दमूनभागून वाल्पाराईसोला नांगर टाकीत. बंदर भरभराटीला आले. इंग्रज, जर्मन, फ्रेंच, इटालियन, अमेरिकन, सगळ्यांच्या पेढ्या आणि वखारी तिथे उभ्या राहिल्या. समुद्रकाठची सपाट जमीन अगदी अरुंद. मागे लगेच डोंगर. त्या चिंचोळ्या पट्टीवर लाकडी माळ्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या होत्या.

१५ डिसेंबर १८५० या दिवशी शहराच्या व्यापारी भागात मोठी आग लागली. विझवायला धड साधने नव्हती, शिकलेली माणसे नव्हती. वखारींच्या रांगाच्या रांगा जळाल्या. मग व्यापारी एकत्र बसले आणि ३० जून १८५१ रोजी चिलीतले पहिले स्वयंसेवक अग्निशमन दल स्थापन झाले. पहिल्या पथकाने ‘बोंबा आमेरिकाना’ असे नाव घेतले. दुसरे पथक जर्मनांचे, त्याचे नाव ‘जर्मानिया’. १८५६ साली फ्रेंचांनी आपले पथक काढले, १८५८ साली इटालियनांनी काढले आणि त्याला कोलंबसाचे नाव दिले. इंग्रजांचे पथक बरेच उशिरा, १९०१ साली आले. स्पॅनिशांचेही एक पथक या दलात आहे. गंमत अशी की ही पथके आजही त्याच जुन्या नावांनी चालतात, जरी त्यांतले जवान आता जन्माने अस्सल चिलीचे असले तरी.

आता गुरुजनांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण ज्याला परदेशी मदत म्हणतो, ती इथे आगबोटीतून उतरून परत गेली नाही. ती तिथेच राहिली. ती निव्वळ परोपकाराची होती, असेही मी म्हणणार नाही. जर्मन व्यापारी बंबाजवळ उभा राहिला तो स्वतःची वखार वाचवण्यासाठी. पण शेजाऱ्याची वखार जळू दिली तर आपलीही वाचत नाही, हे आगीइतके स्पष्ट दुसरे कोणी शिकवत नाही. म्हणून जो आपल्यापुरता आला, तो सर्वांचा झाला.

राजधानी सान्तियागोला हाच धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. ८ डिसेंबर १८६३ रोजी तिथल्या जेझुइटांच्या देवळात सणाच्या गर्दीत आग लागली आणि दोन हजारांवर माणसे मेली. त्यांत बहुतेक बायका होत्या. काही दिवसांतच एका तरुणाने वर्तमानपत्रात चार ओळींचे निवेदन दिले, की ज्यांना अग्निशमन पथक काढण्याची इच्छा असेल त्यांनी अमुक दिवशी अमुक ठिकाणी यावे. त्यातून २० डिसेंबरला सान्तियागोचे दल उभे राहिले.

वाल्पाराईसोच्या दलाची खरी परीक्षा १८६६ साली झाली. स्पेन आणि चिली यांच्यात युद्ध पेटले होते. ३१ मार्चला स्पॅनिश आरमाराने या बंदरावर तोफा डागल्या. बंदराला तटबंदी नव्हती, उलट मारा करायला तोफा नव्हत्या. इंग्रज आणि अमेरिकन युद्धनौका बंदरात हजर होत्या, पण त्या बाजूला होऊन पाहत राहिल्या. सरकारी जकातीच्या वखारी आणि त्यांतला परदेशी व्यापाऱ्यांचा माल धडाधडा पेटला. ती आग विझवायला धावले ते हे स्वयंसेवक. ज्यांची आरमारे तटस्थ होती, त्यांच्याच देशांतून आलेली माणसे किनाऱ्यावर बंबाचे दांडे ओढत होती. मला या सबंध इतिहासातले हे दृश्य विशेष वाटते.

पुढे १९१४ साली पनामाचा कालवा खुला झाला. जहाजांना केप हॉर्नचा वळसा घेण्याचे कारण उरले नाही आणि वाल्पाराईसोचे वैभव हळूहळू ओसरले. पेढ्या हलल्या, श्रीमंत घराणी दुसरीकडे गेली. पण गरीब माणूस येतच राहिला. त्याला सपाटीवर जागा कुठली? तो डोंगर चढू लागला. या शहरात चाळीसहून अधिक टेकड्या आहेत. खालच्या टेकड्यांवर रंगीत घरे, वर जाण्यासाठी दोरखंडाने ओढले जाणारे डबे, असे सुंदर दृश्य. २००३ साली युनेस्कोने या शहराच्या जुन्या भागाला जागतिक वारशात जागा दिली. परंतु त्याहून वर, डोंगराच्या खांद्यावर आणि घळींच्या काठावर फळ्या आणि पत्रे ठोकून केलेली घरे आहेत. कित्येक वस्त्यांत जमिनीचा कागद नाही, म्हणून नळ नाही. पाणी टँकरने येते. घळीत कचरा साठतो. वर निलगिरीची झाडे, ज्यांच्या पानात तेल असते. उन्हाळ्यात जोराचा वारा सुटतो.

इथे थोडे गणित करावे लागेल. शाळेतल्या मुलांना हे उदाहरण फळ्यावर घालून देता येईल. पाणी दहा मीटर वर चढवायचे, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब खर्च होतो. म्हणजे दोनशे मीटर उंचीच्या वस्तीवर खालून पाणी न्यायला वीस किलो दाब नुसता चढणीतच संपणार. बंबाचा साधा पंप दहाच्या आसपास दाब देतो. तेव्हा एका बंबाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला असे टप्प्याटप्प्याने पाणी पोचवावे लागते. आपल्या विहिरीपासूनच्या घागरींच्या रांगेसारखेच हे, फक्त घागरींच्या जागी यंत्रे. दुसरे असे की, मध्यम जाडीच्या एका नळीतून मिनिटाला सुमारे ४०० लिटर पाणी जाते. दोन हजार लिटरची टाकी घेऊन गाडी वर चढली, तर पाच मिनिटांत टाकी रिकामी. मग? रस्त्याकडेला आगीसाठीचा नळ, ज्याला हायड्रंट म्हणतात, तो असेल आणि त्यात पाणी असेल तर ठीक. नाही तर जवानाने हातात रिकामी नळी धरून घर जळताना पाहावे.

साधने कमी असली की काय होते हे एका रात्रीत दिसले, पण तिथे उणीव पाण्याची नव्हती, माहितीची होती. १ जानेवारी १९५३. नववर्षाची रात्र नुकतीच उलटली होती. सपाटीवरच्या एका लाकडाच्या वखारीला आग लागली. स्वयंसेवक धावले. शेजारी सरकारी रस्तेखात्याच्या आवारात स्फोटके ठेवलेली होती, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. स्फोट झाला आणि ३६ जवान जागच्या जागी किंवा नंतर मरण पावले. हे वाचताना आपल्याला मुंबई आठवल्यावाचून राहत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच बोटीत भरलेले होते. आग लागली, स्फोट झाले आणि मुंबईच्या बंबखान्यांतले ६६ जवान कामी आले. म्हणून १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन पाळतात. मुंबईचे जवान नोकरीतले होते, वाल्पाराईसोचे नव्हते. स्फोटाने दोघांत फरक केला नाही. घरी मागे राहिलेल्यांचे पुढे काय झाले, यात मात्र फरक पडतोच. कारण नोकराच्या विधवेला निवृत्तिवेतनाचा हक्क सांगता येतो, स्वयंसेवकाच्या विधवेला तो आधी मिळवावा लागतो.

आता मदतीकडे वळू. श्रीमंत देशांतल्या शहरांत बंब काही वर्षे वापरला की तो काढून टाकून नवा घेतात. काढलेला बंब मोडीत घालण्यापेक्षा गरीब देशाच्या दलाला द्यावा, ही कल्पना सहज सुचण्यासारखी आहे. युरोप-अमेरिकेतल्या अनेक दलांनी आणि जवानांच्या संघटनांनी अशी वाहने, हेल्मेट, अंगरखे, नळ्या बोटीने पाठवल्या. वाल्पाराईसोच्या पथकांना तर जुने नातेच होते. ज्याला आपला देश आठवतो, त्याच्याकडे हक्काने पत्र लिहिता येते. देणाऱ्यांच्या मनाविषयी मला शंका नाही. पण वस्तू बोलू लागली तर तिची तक्रार वेगळीच असते.

एक तर जुन्या गाडीचे भाग मिळत नाहीत. दुसरे, रुंद रस्त्यांसाठी बांधलेली गाडी टेकडीच्या वळणावर अडते. आणि तिसरी गोष्ट इतकी लहान, की ऐकून हसू येईल. नळीला नळी जोडणारे कपलिंग! अमेरिकेत आट्यांचे, इंग्रजांचे झटक्याने बसणारे, फ्रेंचांचे निराळे, जर्मनांचे अजून निराळे. एकाचे दुसऱ्याला बसत नाही. यामुळे केवढा अनर्थ होतो हे १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहराने दाखवले. शहर जळत असताना फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनहून बंब आगगाडीने आले. जवान उतरले, नळ्या उलगडल्या, आणि पाहतात तो शहराच्या हायड्रंटला त्यांच्या आट्या बसेनात. तीस तासांच्या वर आग चालली आणि १५०० हून अधिक इमारती गेल्या. ती सगळी एकाच देशातली शहरे होती, हे विसरू नका. मग चार देशांतून आलेल्या वस्तू एका टेकडीवर एकत्र जमवायच्या म्हणजे काय प्रकार होत असेल? जर्मन पद्धतीच्या ‘श्टॉर्ट्स’ कपलिंगचा गुण असा की त्यात नर-मादी भेद नाही, कोणतेही टोक कोणत्याही टोकाला बसते. फक्त माप एक हवे. देणगीच्या खोक्यात नळ्यांबरोबर दहा-बारा जोडतुकडे टाकले, तर त्यांचे मोल कधी कधी अख्ख्या गाडीपेक्षा जास्त ठरते. पण जोडतुकड्याबरोबर कोणी फोटो काढत नाही.

१२ एप्रिल २०१४ च्या दुपारी शहराच्या मागच्या उंच भागात झुडपांना आग लागली. वारा जोराचा होता. आग घळीतून खाली उतरली, एका टेकडीवरून दुसरीवर उडी मारत गेली. मारिपोसास, लास कान्यास, मेर्सेद, रामादितास, रोकुआंत, ला क्रुस. ही नावे तिथल्या लोकांना आपल्या गावच्या आळ्यांसारखी पाठ आहेत. १५ माणसे मेली, सुमारे २९०० घरे जळाली, साडेबारा हजारांच्या घरात माणसे उघड्यावर आली. जवान चढून गेले तेव्हा कित्येक ठिकाणी पाण्याचा दाबच नव्हता, गल्ल्या पळणाऱ्या माणसांनी आणि सामानाने भरलेल्या. दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थ्यांचे थवे फावडी घेऊन टेकड्या चढू लागले आणि राख उपसू लागले. हीही त्या देशाची जुनीच रीत.

तीन वर्षांनी, २०१७ च्या जानेवारीत, देशाच्या मध्य आणि दक्षिण भागात जंगले पेटली आणि सांता ओल्गा नावाचे सबंध गाव नाहीसे झाले. त्या वेळी परदेशी मदतीचे मोठे दर्शन जगाने पाहिले. अमेरिकेहून बोइंग ७४७ चे अग्निशामक विमान आले. एका फेरीत ते ७० हजार लिटरांहून अधिक पाणी टाके. त्याचा खर्च एका चिलियन बाईंच्या कुटुंबाने देणगी म्हणून उचलला होता. रशियानेही एक थोराड मालवाहू विमान पाठवले. लोक घरांच्या छपरांवर चढून त्यांना पाहत आणि टाळ्या वाजवत. जंगलासाठी हे साधन उपयोगी आहेच, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण घराला घर लागलेल्या वस्तीत, जिथे गल्लीत माणसे पळत आहेत, तिथे आकाशातून एवढा लोंढा सोडता येत नाही. तिथे नळी धरलेला माणूसच लागतो. आणि त्याला दाबाचे पाणी लागते.

२४ डिसेंबर २०१९, नाताळच्या आदल्या दिवशी, वाल्पाराईसोत पुन्हा आग लागली. टेकड्या कोणत्या? रोकुआंत आणि सान रोके. दोनशेहून अधिक घरे गेली. पाच वर्षांपूर्वी याच रोकुआंतचे नाव आपण ऐकले. घरे पुन्हा त्याच घळीच्या काठी, त्याच पत्र्यांची उभी राहिली होती. बंब कितीही पाठवा, टेकडीवर नळ, पाण्याची टाकी आणि गाडी वळेल एवढा रस्ता कोणत्याही बोटीने पाठवता येत नाही. ते काम त्या शहराच्या तिजोरीचे आणि तिथल्या सरकारच्या इच्छेचे आहे. परदेशी पाहुण्यांना हे सांगायला संकोच वाटतो, आणि घरच्यांना ऐकायला. म्हणून ते मागे पडते.

टिकलेली मदत कोणती, असे मला कोणी विचारले तर मी शिकवण्याच्या मदतीचे नाव घेईन. अमेरिकेच्या आपत्ती-साहाय्य खात्याने पूर्वी दक्षिण अमेरिकेत बंबवाल्यांना ढिगाऱ्यातून माणूस कसा काढावा, धोकादायक रसायन कसे ओळखावे याचे वर्ग चालवले. जपाननेही २०१५ पासून चिलीबरोबर एक कार्यक्रम चालवला, त्यात शेजारच्या देशांतले लोकही चिलीत येऊन आपत्तीनिवारण शिकले. शिकलेला माणूस दुसऱ्याला शिकवतो, आणि त्याला जोडतुकडा लागत नाही. चिलीच्या शोध-बचाव पथकाला २०१७ साली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. २०२३ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा हे बिनपगारी जवान विमानाने तिकडे गेले. ज्यांच्या वडीलधाऱ्यांना कधी काळी युरोपातल्या लोकांनी बंबाचे दांडे धरायला शिकवले, ते आता दुसऱ्यांच्या ढिगाऱ्यात हात घालीत होते.

हे सांगून मी भाषण संपवले असते तर गोष्ट फार गोड झाली असती. पण २ फेब्रुवारी २०२४ ला शेजारच्या विन्या देल मार आणि किल्पुए या भागात आग भडकली आणि १३० हून अधिक माणसे मेली. मे महिन्यात पोलिसांनी दोघांना अटक केली. ही आग त्यांनी मुद्दाम लावली असा आरोप ठेवला गेला. एक वनखात्याचा माणूस आणि दुसरा, सांगताना जीभ अडखळते, वाल्पाराईसोच्या दलातलाच एक तरुण स्वयंसेवक. न्यायाचे काम न्यायालयाचे, आपण त्यात पडू नये. पण दलातल्या बाकीच्या हजारो माणसांवर त्या दिवशी काय गुदरले असेल! ज्या अंगरख्याला लोक रस्त्यात वाट करून देत, त्याच अंगरख्याकडे लोक संशयाने पाहू लागले. पगारी माणसाला निदान नोकरीचा कागद दाखवता येतो. याच्याजवळ लोकांच्या विश्वासाखेरीज काही नाही.

तरीही बंबखाने चालूच राहिले. तिथे एक पद्धत आहे, तिला रात्रीचा पहारा म्हणतात. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले पथकाच्या इमारतीतच राहतात. झोपायला जागा मिळते, त्या बदल्यात रात्री भोंगा वाजला की गाडीवर चढायचे. बूट पलंगाशेजारी, विजार बुटांच्या वर खोचून ठेवलेली, म्हणजे अंधारात एकाच उडीत दोन्ही चढतात. पहाटे परत यायचे, नळ्या धुऊन वाळत टाकायच्या, आणि आठच्या तासाला कॉलेजात जायचे. महिना संपला की त्यांनाही आपली वर्गणी भरायची असते.